मांडीवर कूलर घेऊन साक्रीला

खानदेशात जायला मला कोणी बोलावलं नव्हतं. एक पत्र आलं होतं, आणि त्याला टपालानं उत्तर देऊन भागलं असतं. या साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर मोटारवाल्यांच्या तक्रारींना मी गेली चार वर्षं उत्तरं देतो आहे, हे वाचकांना ठाऊक असेल. नसेल तर त्यात वाचकांचा दोष नाही. जाहिराती जास्त झाल्या की आमचे संपादक माझ्या मजकुराचा शेवटचा परिच्छेद कापतात, आणि नेमका उपाय त्यातच असतो.

पत्र साक्रीहून होतं, धुळ्याच्या पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या गावातून. लिहिणाऱ्या बाई तिथल्या डॉक्टर. अक्षर इतकं स्वच्छ की डॉक्टरचं वाटेना. त्यांनी लिहिलं होतं: "माझा डावा पाय लहानपणीच्या तापात लुळा पडला. क्लच दाबता येत नाही, म्हणून गिअर आपोआप बदलणारी एक अमेरिकन गाडी जुन्यात घेतली आहे. सपाटीवर ती गुणी आहे. कोंडाईबारीचा घाट उतरून मी खालच्या पाड्यांवर जाते आणि अवघड पेशंट घेऊन परत चढते. चढताना गिअरपेटीतलं तेल तापतं, जळका वास येतो, गाडी ओढेनाशी होते. एका कारागिरानं तेल थंड करायला एक कूलर आणून रेडिएटरच्या जाळीलाच तारांनी बांधला. दीड महिन्यात घासून घासून रेडिएटरला भोक पडलं. त्या वेळी मागच्या सीटवर एक अडलेली बाई होती. बाई वाचली, मूल वाचलं नाही. नाशिकच्या एका इस्पितळातून मला बोलावणं आहे, खुर्चीत बसून करायचं काम. महिनाअखेर कळवायचं आहे. गाडी घाट चढत असेल तर मी साक्री सोडणार नाही. चढेल का, एवढंच सांगा."

लढाईच्या काळात मी फौजेच्या वर्कशॉपमध्ये होतो. तिथे हलक्या रणगाड्यांना हीच आपोआप गिअर बदलणारी पेटी असे, आणि तिचं तेल तापलं की काय होतं ते मी बर्मात नाकानं शिकलो आहे. "चढेल, पण कूलर असा बांधू नका," एवढं कार्डावर लिहून टाकता आलं असतं. मी आठ दिवसांची रजा टाकली.

खरं कारण सांगतो. सुशीला जाऊन तीन वर्षं झाली. मूलबाळ नाही. पुण्यात माझ्या दोन खोल्यांत संध्याकाळी सहा वाजता कुलूप काढलं की सकाळी ठेवलेला पेला ठेवलेल्या जागीच असतो. त्या पेल्याला मी कंटाळलो होतो.

जळगाव

मनमाडला गाडी बदलून जळगावला उतरलो तो कूलर शोधायला. फौजेचं मोडीत काढलेलं सामान घेणारे एक व्यापारी तिथे जिनिंगच्या कारखान्यांच्या मागे राहतात, असं कळलं होतं. त्या भागात डिसेंबरात हवेतसुद्धा कापूस असतो. तारांवर, बाभळींवर, बैलांच्या शिंगांवर रुईचे पुंजके अडकलेले. तासाभरात माझ्या मिशाही पिकल्या. मोटारीच्या डोळ्यानं बघणाऱ्याला मात्र पहिला विचार हाच येतो की हे सगळं कुठल्यातरी रेडिएटरमध्ये जाणार.

व्यापाऱ्यांना सगळे आबा म्हणत. त्यांनी मला अंगणात सोडलं आणि म्हणाले, "पाहून घ्या भाऊ, जे पायजे ते. आमाले त्यातलं नाव बी माहीत नाही." दोन तास गंजात हात घातल्यावर एका फौजी लॉरीचा तेलाचा कूलर मिळाला. शाळेच्या पाटीएवढा, पितळी नळ्या, त्यांवर पातळ पाकळ्या. पाण्याच्या टाकीत बुडवून सायकलच्या पंपानं हवा भरली तर एका कोपऱ्यातून बुडबुडे आले. आबांनी शेजारच्या तांबटाला हाक मारली. त्यानं डाग देईपर्यंत जेवणाची वेळ झाली आणि मला उठू देईनात.

भरीत मी पुण्यातही खाल्लं आहे असा माझा समज होता. तो तिथे गळून पडला. तुराट्यांवर भाजलेली पांढरट हिरवी वांगी, लाकडी बडजीत ठेचलेली, वर कांद्याची पात, आणि सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. मी तिसरी भाकरी घेतली तेव्हा आबांनी विचारलं, "घरी कोण कोण हाये भाऊ?"

पुण्यात माणूस दहा वर्षं शेजारच्या बाकावर बसेल, पण हा प्रश्न विचारणार नाही. खानदेशात तो दहा मिनिटांत येतो, आणि विचारणाऱ्याला खरोखर ऐकायचं असतं. मी खरं ते सांगितलं: बायको वारली, मूल नाही, एकटा असतो.

तांबटानं हातोडी खाली ठेवली. आबांच्या सौभाग्यवती आतून येऊन माझ्या ताटात भरीत वाढून गेल्या, आजाऱ्याला वाढतात तसं. मग आबा म्हणाले, "एकटा मानूस म्हंजे काही खरं नाही भाऊ," आणि भुसावळकडच्या एका नात्यातल्या बाईंची माहिती सांगू लागले. त्या अंगणात शिरलो तेव्हा मी मोटारीतलं कळणारा माणूस होतो. निघालो तेव्हा बिचारा होतो. त्यांचा हेतू चांगला होता आणि तरी मला ते सोसलं नाही.

पारोळ्याची वाट

धुळ्याच्या एस. टी.त कूलर टपावर टाकायला मी साफ नकार दिला. टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतला. एरंडोलपर्यंत लोकांनी नुसतं पाहिलं. पुढे मात्र समोरच्या बाकावरचं एक वयस्क जोडपं वळून बसलं. पारोळ्याच्या बाजाराला निघालेली शेतकरी मंडळी.

"भाऊ, तुम्हना मांडीवर हाई काय शे?" बाईंनी विचारलं.

मी सांगितलं: मोटारीचं तेल थंड करायची वस्तू आहे. त्यांनी ते नवऱ्याला समजावून दिलं, माझ्यापेक्षा कमी शब्दांत. मग तो प्रश्न आलाच. "घर कोन कोन शे?"

"मंडळी आहे," मी म्हणालो.

"पोरे?"

"दोन."

इतकं सोपं होतं ते. बाईंचा चेहरा उजळला. "बठ्ठं बरं शे मंग," त्या म्हणाल्या, आणि ओच्यातून मूठभर भाजलेल्या शेंगा काढून माझ्या हातावर ठेवल्या. "पोरेसले देजा."

पारोळ्याला ती दोघं उतरली. किल्ल्याच्या बाजूला बैलगाड्यांची रांग लागली होती, तिच्यात दिसेनाशी झाली. मी शेंगा खिशात ठेवल्या. मला लाज वाटायला हवी होती. वाटलं ते असं की तीन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्याशी साधं, बरोबरीनं बोललं.

धुळे

धुळ्याच्या गल्ल्यांना नंबर आहेत आणि त्या सरळ आहेत, हे पुणेकराला खोटं वाटतं. तिथे एका लोहाराकडून दोन लोखंडी पट्ट्या करून घेतल्या. कूलर बसवण्याचं सगळं मर्म या पट्ट्यांत आहे. कूलर रेडिएटरवर लादायचा नाही. खाली चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, आडव्या पट्टीला आणि वर पुढच्या जाळीच्या दांड्याला पट्ट्या बांधायच्या, आणि कूलर त्या पट्ट्यांवर. म्हणजे त्याचं ओझं गाडीची हाडं पेलतात, रेडिएटरची कातडी नाही. लोहारानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जू बैलाच्या खांद्यावर ठेवावं, पोटावर नाही. हेच ना?" मी चार वर्षं हे सांगायला निम्मं पान वापरतो.

लॉजच्या व्यवस्थापकानं नाव लिहून घेताना घरचं विचारलं. या वेळी मी न विचारता पुढचंही सांगितलं: थोरली सहावीत आहे, अभ्यासात बरी, धाकटी हट्टी. बायकोला तिखट सोसत नाही. शेवटचं तेवढं खरं होतं. शेवभाजीच्या पहिल्या घासाला सुशीलेनं कसे डोळे मिटले असते ते मला खानावळीत स्पष्ट दिसलं, आणि शेजारच्या माणसाला मी ते वर्तमानकाळात सांगितलं. तो हसला. खोलीवर येऊन पोरींच्या शेंगा मी एकेक करून सगळ्या खाल्ल्या.

साक्री

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, उंच, पांढऱ्या सुती लुगड्यातल्या. डाव्या बगलेत कुबडी. दवाखान्याच्या ओट्यावर उभ्या होत्या. मी कूलर काखेतून खाली उतरवला तेव्हा म्हणाल्या, "याला बसायला जागा मिळाली होती का, की उभ्यानं आणलात?" गाव त्यांना अक्का म्हणतं. मला ते जमलं नाही, मी डॉक्टरीणबाईच म्हणत राहिलो.

त्यांच्याबरोबर नाना. वीस वर्षं त्यांचे कंपाउंडर, डोक्याला फेटा, बोलणं सगळं अहिराणीत, औषधांची नावं तेवढी इंग्रजीत. गाडी दवाखान्यालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. शेड चांगली प्रशस्त, दोन गाड्या मावतील अशी. एका भिंतीला रिकामी फळी, कोपऱ्यात ऐरणीसारखा एक दगड. कूलर ठेवायच्या आधीच हत्यारं कुठे टांगता येतील ते माझ्या डोळ्यांनी ठरवून टाकलं होतं. धंद्याची खोड, दुसरं काय.

दोन दिवस काम चाललं. रेडिएटर त्यांनी धुळ्याहून डाग देऊन आणलाच होता. मी पट्ट्या बसवल्या, चार बोल्ट, प्रत्येक बोल्टाला दोन्ही बाजूंनी जुन्या ट्यूबचे रबरी वायसर. कूलर आणि रेडिएटर यांच्यामध्ये बोटभर जागा. नळ्यांची तोंडं वर, म्हणजे आत हवा कोंडत नाही. रबरी नळ्या पंख्यापासून लांब, आणि पत्र्याच्या धारेवरून जिथे जातात तिथे खाली चामडं. डॉक्टरीणबाई स्टुलावर बसून सगळं बघत आणि मध्येच प्रश्न विचारत, तेही नेमके.

"आवळत का नाही आणखी?" त्यांनी विचारलं.

"रबर चेपून कागद झालं तर ते असून नसून सारखं. गाडीच्या हादऱ्यानं मग पट्टीच तुटते. धरून ठेवायचं, पण गळा दाबायचा नाही."

"हे टाके घालतानाही असंच असतं," त्या म्हणाल्या.

शेवटी मी त्यांना परीक्षा शिकवली. कूलर हातात धरून जोरानं हलवायचा. कूलर हलला तर काम कच्चं. कूलरबरोबर गाडी हलली तर काम पक्कं. त्यांनी कुबडी भिंतीला लावली, दोन्ही हातांनी कूलर धरला आणि हिसका दिला. भलीमोठी अमेरिकन गाडी डुलली. त्या इतक्या मोकळ्या हसल्या की मलाही हसू आलं. मी मोठ्यानं हसलो तेव्हा माझाच आवाज मला ओळखू येईना.

जेवताना तो प्रश्न आला. खापरावरचे मांडे केले होते, रुमालासारखे घडी घालून वाढलेले. मी सांगितलं, बायको आणि दोन मुली.

"नाव काय वहिनींचं?"

"सुशीला."

आणि मग मी थांबलोच नाही. ती भात कसा नेहमी जरा कच्चा ठेवते, पावसात वाळत घातलेले कपडे विसरते, मी तेलकट हातानं पेला उचलला की कशी नुसती बघते. डॉक्टरीणबाई आणि नाना ऐकत होते. त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. काळ तेवढा खोटा होता. तीन वर्षांत सुशीलेबद्दल मी कोणाशी इतकं बोललो नव्हतो. मेलेल्या बायकोबद्दल बोललं की लोक विषय बदलतात, जिवंत बायकोबद्दल बोललं की आणखी वाढतात.

कोंडाईबारी

तिसऱ्या दिवशी सकाळी परीक्षेची फेरी. मी पहाटेच सगळे नट एकदा पाहून घेतले. चहा पिऊन निघालो. चालवायला डॉक्टरीणबाई, शेजारी मी, मागे नाना आणि वजनासाठी ज्वारीची तीन पोती. महिना संपायला चार दिवस होते. नाशिकचं पत्र त्यांच्या टेबलावर औषधाच्या बाटलीखाली होतं, ते येता-जाता मला दिसे.

दहिवेलच्या पुढे रान सुरू होतं. साग उभे, पानं गळायला लागलेली, मध्येच पळसाची खोडं. त्या गाडी फार छान चालवतात. उजवा पाय दोन्ही कामं करतो, डावा गप्प बसलेला. घाट उतरलो, खाली पाड्याजवळ गाडी वळवली. तिथल्या दोन बाया गाडी ओळखून रस्त्याच्या कडेला आल्या आणि काही न मागता नुसत्या हात जोडून उभ्या राहिल्या.

चढ लागला. पहिलं वळण निघालं. दुसऱ्या वळणावर मला वास आला. त्यांनाही आला. इंजिन ओरडत होतं आणि गाडी ओढत नव्हती. त्यांनी गाडी कडेला घेतली, हातब्रेक ओढला आणि दोन्ही हात चाकावर ठेवून समोर पाहत राहिल्या.

"झालं तर मग," त्या म्हणाल्या. "नाशिक."

वीस वर्षं मी हे काम करतो. माझं कधी चुकत नाही असं नाही, पण चुकलं तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येईल अशाच जागी आजवर चुकलो होतो. बॉनेट उघडलं. आत जाणारी नळी हाताला चटका देत होती. ते ठीक. बाहेर येणारी नळी धरली तर तीही तेवढीच गरम. तेल कूलरमधून फिरून येत होतं आणि वारा त्याला लागतच नव्हता. वारा का लागत नाही म्हणून मी पुढच्या जाळीतून आत बोटं घातली, आणि बोटांना कापड लागलं.

कूलरच्या तोंडावर एक हिरवा खण व्यवस्थित पसरून, चारही टोकांना सुतानं पट्ट्यांना बांधला होता. मध्यभागी हळदीकुंकू. पाकळ्यांपैकी एकही मोकळी नव्हती.

मी काही बोलायच्या आत नाना गाडीतून उतरून माझ्यामागे येऊन उभे होते. "मी बांधं," ते म्हणाले. "तुम्ही च्या पी ऱ्हायनात तवय. कानबाईले वाहेल खण शे. नवी वस्तू उघडी ठेवू नही, भाऊ, नजर लागस. मांगली येळे कोनी बांधा नही, म्हनीसन तसं व्हयनं."

मागच्या वेळी कोणी बांधला नाही, म्हणून तसं झालं. घरात श्रावणात कानबाई बसते, तिला वाहिलेला खण वर्षभर पेटीत जपून ठेवतात. नानांनी घरातली सगळ्यात मोलाची राखण आणून त्या पितळेवर पांघरली होती. मला रागवायचं होतं, पण मी नुसत्या सुताच्या गाठी सोडायला लागलो.

डॉक्टरीणबाई कुबडी टेकत पुढे आल्या. सगळं पाहिलं. मी खण सोडून दिला, तो त्यांनी कपाळाला लावला आणि घडी करून नानांच्या हातात ठेवला. "नाना, हा आपण चाकाशी ठेवू. माझ्यासमोर. तिथे तर जास्त गरज आहे." नाना मान हलवून म्हणाले, "मन्ही चूक शे, अक्का," आणि पुन्हा दोनदा तेच म्हणाले.

तेल निवायला तास गेला. मग मी हट्टानं गाडी पुन्हा पायथ्याला न्यायला लावली. अर्ध्यातून चढणं ही परीक्षा नव्हे. खालून निघालो. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. वास नाही. नानांनी पोत्यावर हात टेकून डोळे मिटले होते. माथ्यावर पोचल्यावर डॉक्टरीणबाईंनी गाडी थांबवली, मी उतरून बाहेर येणारी नळी धरली. कोमट. अंघोळीच्या पाण्याइतकी.

"बघा हात लावून," मी म्हणालो.

त्या आल्या, नळी धरली आणि बराच वेळ सोडली नाही. मग रस्त्याच्या कडेच्या धोंड्यावर बसल्या. नाना पोती सारखी करत होते. खाली पाड्यांची घरं दिसत होती, धूर निघत होता.

"नाशिकला आज नकार लिहिते," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला एक सांगते भाऊ. हसू नका. तुमचं ते पान मी चार वर्षं वाचते. वाचून मला वाटायचं, हा माणूस एकटा असावा. एवढी सविस्तर उत्तरं संसारी माणूस लिहीत नाही. ती शेड मी त्या हिशोबानं मोठी बांधून घेतली. इथून नवापूरपर्यंत धड कारागीर नाही, आता एस. टी. वाढते आहे, ट्रॅक्टर येताहेत. तुम्ही याल का विचारायचं होतं. पत्रात लिहिलं होतं, मग खोडलं. आणि बरं झालं खोडलं. मुलींची शाळा, वहिनी, त्यांना इथे कुठे आणणार तुम्ही."

मी अजूनही तो क्षण पुन्हा पुन्हा काढून बघतो. एक वाक्य बोलायचं होतं. पण ते वाक्य बोलायचं म्हणजे तीन दिवस त्यांच्या ताटावर बसून खोटं बोललो हे कबूल करायचं. पोरींची नावं त्यांना सांगितली होती मी. ज्या बाईंनी मला शेड द्यायची ठरवली, त्यांच्याच नजरेत लबाड ठरायचं. जळगावच्या अंगणात बिचारा ठरणं मला जड गेलं होतं. हे त्याहून जड होतं.

"हो ना," मी म्हणालो. "मुलींची शाळा आहे."

"तेच म्हटलं," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

परत

निघायच्या दिवशी मी शेड झाडून दिली. रुई उडायच्या दिवसांत कूलरच्या पाकळ्या दर आठवड्याला मऊ ब्रशानं झाडायच्या, हे नानांना दोनदा सांगितलं. महिन्यातून एकदा नट बघायचे. नानांनी गंभीरपणे ऐकलं.

एस. टी. यायच्या आधी डॉक्टरीणबाईंनी मला ओट्यावर बसवलं. खानदेशात परतणाऱ्या पाहुण्याच्या घरच्या बाईची ओटी त्याच्याबरोबर पाठवतात. एका ताटात तांदूळ, नारळ, आणि नवा कोरा खण, जांभळा, नारायणपेठी काठाचा. "वहिनींना आवडेल ना हा रंग?" त्यांनी विचारलं. सुशीलेचा आवडता रंग जांभळाच होता. मी हो म्हणालो. नानांनी वर पोरींसाठी दोन काचेच्या बांगड्यांच्या जोड्या कागदात गुंडाळून दिल्या. "मन्ही चूक व्हयनी ना, म्हनीसन," ते म्हणाले. "वहिनीले सांगजात, नानानी आठवन काढी."

येताना मांडीवर काही नव्हतं. धुळं केव्हा गेलं कळलं नाही. चाळीसगावला गाडीची वाट बघत बाकावर बसलो तेव्हा शेजाऱ्यानं घरचं विचारलं. मी झोपेचं सोंग घेतलं.

पुण्याला घरी कुलूप काढलं. पेला होता तिथेच होता. नारळ मी दुसऱ्या दिवशी फोडला. एकट्या माणसाला आख्खा नारळ संपत नाही, हे मला माहीत नव्हतं. निम्मा वाळून गेला. तांदळाचा भात केला, जरा कच्चा राहिला. खण आणि बांगड्या सुशीलेच्या ट्रंकेत ठेवल्या आणि ट्रंक बंद केली.

पंधरा दिवसांनी साक्रीचं पत्र आलं. चार वेळा घाट चढून झाला. एकदा जुळी होती, दोघंही जगली. "रोज सकाळी कूलर धरून हिसका देते. गाडी हलते, तो हलत नाही. वहिनींना खण आवडला का, ते मात्र तुम्ही लिहिलं नाहीत."

या पत्राला मी पाच वेळा उत्तर लिहायला बसलो. पाचही वेळा कागद फाडला. मग संपादकांनी विचारलं की खानदेशात गेला होतात तर प्रवासाबद्दल काही लिहा, आपल्या वाचकांपैकी फार जण तिकडे गेलेले नाहीत. म्हणून हे लिहिलं. वाचकांनी कूलर कसा बसवावा एवढं यातून घेतलं तरी माझं काम झालं. बाकीचं एका वाचकासाठी आहे. साक्रीला हा अंक गुरुवारच्या टपालानं पोचतो. संपादकांना हात जोडून विनंती, जाहिराती कितीही असोत, या वेळी शेवटचा परिच्छेद कापू नये.

डॉक्टरीणबाई, माझ्या घरी कोणी नाही. सुशीला होती, मी सांगितलं तशीच होती, तीन वर्षांपूर्वी गेली. मुली कधीच नव्हत्या. खण ट्रंकेत घडी न मोडता ठेवला आहे. शेड अजून रिकामी असेल, आणि हे वाचूनही विचारावंसं वाटत असेल, तर एक कार्ड टाका.